भाऊसाहेबांची फाईल सेव्ह होत नव्हती

"ठेवू का?"

असं विचारल्याशिवाय भाऊसाहेबांनी सेव्हचं बटण कधी दाबलं नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं. नेमकं कोणाला विचारतायत, ते त्यांनाही ठाऊक नसावं. समोर जे कोणी असेल ते उत्तर द्यायचं. बहुतेक वेळा शिपाई मावशी पाण्याचा जग भरता भरता म्हणायच्या, "ठेवा, ठेवा." मग भाऊसाहेब एका बोटानं माऊस दाबायचे.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या ऑफिसातही असा माणूस असेल. म्हणजे तुम्ही त्याला पाहून हसलाही असाल. मीही हसलो आहे. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आमची शाळा देवळाली कॅम्पच्या बाजूला. निम्मी मुलं लष्करातल्या लोकांची. बापाची बदली आली की आठ दिवसांत बिऱ्हाड हलतं, आणि त्याआधी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हातात हवा असतो. दाखले देणं हे भाऊसाहेबांचं मुख्य काम. आमच्याकडे शाळेच्या क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात. त्यांचं नाव पगारपत्रकाबाहेर कोणी घेतलं नाही, मीही घेत नाही. ते मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी बोलताना 'हाय', 'नाय' करायचे. चिडले की मात्र घरची अहिराणी बाहेर यायची. मशीनवर चिडले की 'काय आहे रे हे' अशा अर्थानं स्क्रीनकडे बघून म्हणायचे, "काय शे भो हाई!"

मी त्याच शाळेत संगणक शिक्षक. लॅब माझी, आणि पर्यायानं ऑफिसातली तीन मशीनंही माझीच. तिन्हीवरून उघडणारं एक सामाईक फोल्डर मी करून ठेवलं होतं. त्यात कोणाला जाता येईल, कोणाला बदल करता येतील, ते ठरवायचं कामही माझं.

भाऊसाहेबांची एक पद्धत होती. नवं पत्र म्हणून ते कधी नवी फाईल उघडायचे नाहीत. जुनं पत्र उघडायचं, तारीख बदलायची, नाव बदलायचं, मजकूर खोडून नवा लिहायचा आणि त्याच्यावरच सेव्ह करायचं. "चौकट तयार मिळती ना सर," म्हणायचे. या चौकटीपायी एकदा मजा झाली. स्नेहसंमेलनाचं निमंत्रण त्यांनी एका शोकसंदेशावर तयार केलं. वरचं सगळं बदललं, शेवटची ओळ राहिली: 'आपल्या दुःखात शाळा परिवार सहभागी आहे.' निमंत्रणं वाटून झाली. एक सुभेदार तो कागद घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "भाऊसाहब, प्रोग्राम इतना खराब होनेवाला है क्या?" भाऊसाहेब स्वतःच इतके हसले की चष्मा टेबलाखाली पडला.

हा किस्सा पुढं मला फार उपयोगी पडला. कसा, ते सांगतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरचे जुने खंड झिजत चालले होते. पहिल्या विद्यार्थ्यापासूनच्या नोंदी, नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं शाईनं लिहिलेलं. कोणीतरी साठी ओलांडलेला माणूस यायचा, पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा मागायचा, आणि पान उलटताना कोपरा हातात यायचा. भाऊसाहेबांनी आपणहून ठरवलं, निवृत्त व्हायच्या आत हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. दोन वर्षं ते रोज दुपारनंतर दोन-तीन पानं टाईप करत होते. भिंग घेऊन वाचायचे. "सर, ह्या पोराचा जन्म नांदगावचा का नायगावचा? तुमचे डोळे तरुण हायेत." माझे डोळे तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.

एका मे महिन्यात शाळेनं ऑफिससाठी नवं मशीन घेतलं. फोल्डर जुन्यावरून नव्यावर हलवायचं काम माझ्याकडे आलं. सुट्टी होती, पंखा बंद होता, मला घरी जायची घाई होती. आधी सगळं नीट उतरवलं. मग एका पेनड्राइव्हमध्ये काही फाईली राहिल्यात असं वाटून त्याही त्याच्यावर टाकल्या. मशीननं विचारलं, या नावाच्या फाईली आधीच आहेत, बदलू का? मी न वाचता 'सगळ्या बदला' म्हटलं. त्या पेनड्राइव्हमधली रजिस्टरची फाईल दिवाळीच्या आधीची होती. जुन्या मशीनची डिस्क मी त्याच दिवशी पुसून लॅबसाठी तयार केली.

दिवाळी ते एप्रिल. भाऊसाहेबांच्या सहा महिन्यांच्या दुपारी मी दोन मिनिटांत पुसल्या.

जूनमध्ये शाळा उघडली आणि भाऊसाहेबांनी रजिस्टरची फाईल उघडली, तेव्हा ते कळलं. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्या ऑफिसात आल्या, पाच-सहा शिक्षक उभे होते, मावशी होत्या. बाईंनी मला विचारलं, "सर, असं कसं झालं?"

मला माहीत होतं. फाईलवर शेवटच्या बदलाची तारीख ऑक्टोबरातली दिसत होती. कोणी चुकून वरून सेव्ह केलं असतं तर तारीख ताजी असती. एवढं साधं आहे हे. पण तिथं ते कळणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

मी म्हणालो, "कोणाकडून तरी जुन्या फाईलवर सेव्ह झालं असणार."

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच टेबलाकडे वळल्या. एक शिक्षक हळूच म्हणाले, "आपल्या दुःखात शाळा परिवार…" आणि दोघं-तिघं हसले.

भाऊसाहेब उभे राहिले. म्हणाले, "माझ्याच हातून झालं असंल बाई. मला आठवत नाय. पण दुसरं कोण करणार?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्यानंतरही रोज बोलायला हवं होतं.

मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "त्यांना फोल्डर फक्त बघता येईल असं करून ठेवा. सेव्ह नको. दाखले वगैरे शेजारच्या टेबलावरच्या क्लार्क मॅडम काढतील, त्यांच्या मशीनवरून. आणि त्यांना सांगू नका, मनाला लागेल. शेवटचं वर्ष आहे." मी लॅबमध्ये जाऊन त्यांच्या लॉगिनसमोरची खूण काढून टाकली. एक क्लिक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लॅबच्या दारात उभे. "सर, जरा येता का? ठेवायला देत नाय."

स्क्रीनवर इंग्रजीत आलं होतं की तुम्हाला इथे सेव्ह करायची परवानगी नाही, अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं होतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक, आणि त्यांना एवढंच माहीत होतं की संस्थेत भांडणं झाली, संचालक मंडळ बरखास्त झालं की सरकार प्रशासक नेमतं. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, आपल्या संस्थेवर प्रशासक बसला काय? मला कसं कळलं नाय?"

मी हसलो. तो प्रशासक त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसला होता.

मग मी नाटक सुरू केलं. राईट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडल्या, कपाळाला आठ्या घातल्या. "मशीन एकदा बंद करून चालू करा." त्यांनी केलं. झालं नाही. पुढच्या दिवशी म्हणालो, "ती फाईल दुसऱ्या मशीनवर उघडी असेल." ते उठून दोन्ही मशीनं बघून आले. मग म्हणालो, फाईलचं नाव लांब आहे. मग म्हणालो, नेटवर्कची वायर सैल असेल. ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायर खोचत होते आणि मी वरून विचारत होतो, "बसली का?"

"बसली सर. आता चालंल?"

"बघू."

चालणार नव्हतंच. असं कितीदा झालं मोजलं नाही. मला त्यांचाच राग यायला लागला होता, तेही सांगून टाकतो. दारात त्यांची सावली दिसली की वाटायचं, हा माणूस सोडून का देत नाही? एकदा मी खेकसलो, "अहो, डेस्कटॉपवर ठेवा ना, दुसरीकडं कुठंही ठेवा!"

ते शांतपणे म्हणाले, "दुसरीकडं नाय ठेवायचं सर. दोन ठिकाणी झालं की घोटाळा होतो. मागं तेच झालं ना माझ्या हातून."

त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. तिच्यात मी सांगितलेला प्रत्येक उपाय सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून लिहिलेला होता. 'फाईल ठेवता न आल्यास करावयाची कार्यवाही.' माझ्या थापांची वही. एक दिवस बघतो तर शेजारच्या मॅडमना ते त्या वहीतून शिकवत होते, "आधी वायर बघायची मॅडम. सरांनी सांगितलंय."

त्याच दिवसांत त्यांच्या टेबलावर एक वाटी दिसायला लागली. भिजवलेले बदाम. सकाळी आल्या आल्या सोलून खायचे. मावशींनी थट्टा केली, "भाऊसाहेब, नवरदेव होताय का पुन्हा?" ते म्हणाले, "डोकं चाललं पाहिजे मावशी. निवृत्त होईस्तोवर तरी." आम्ही सगळे हसलो. मी जरा कमी हसलो, एवढंच.

एकदा एका जवानाची बायको दोन मुलं घेऊन आली. नवऱ्याची बदली झाली होती. "भैया, चार बजे की गाड़ी है, टीसी मिल जाएगा ना?" दाखला जुन्या नमुन्यातून काढून त्याची नोंद सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची असते. शेजारच्या मॅडम रजेवर. भाऊसाहेबांनी मला दोनदा निरोप पाठवला. मी लॅबमध्ये रिकामाच बसलो होतो, तरी 'तास चालू आहे' असं सांगितलं. शेवटी त्यांनी कपाटातून छापील दाखल्यांचं जुनं पुस्तक काढलं, शाईचं पेन घेतलं आणि दोन्ही मुलांचे दाखले हातानं लिहिले. खाली शिक्का मारला. ती बाई जरा बिचकली, "हाथ से लिखा चलेगा?" तर म्हणाले, "चलेगा. मशीन की परमिशन नहीं है, स्कूल की है." ती गेल्यावर मी ऑफिसात गेलो. ते पेन पुसत होते. मला म्हणाले, "तास झाला का सर?"

जानेवारीत प्रिंटर दुरुस्त करायला बाहेरचा एक माणूस आला होता. भाऊसाहेबांनी सहज त्याला स्क्रीन दाखवली. त्यानं अर्ध्या मिनिटात बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुम्हाला परमिशनच दिलेली नाही. कोणीतरी मुद्दाम काढून घेतलीय."

मी दारातच होतो. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून म्हणालो, "मोठ्या बाईंनी सांगितलं होतं."

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी सुस्कारा सोडला. "म्हंजे मशीन चांगलं हाय." मग थोड्या वेळानं, "बरोबर केलं बाईंनी. माझ्या हाताचा आता भरवसा नाय."

म्हणजे तिथंही दार उघडं होतं आणि मी आत गेलो नाही. मी परवानगीचं सांगितलं, पेनड्राइव्हचं सांगितलं नाही. अर्धं खरं बोलून मोकळं झाल्यासारखं वाटतं, तो खोटेपणा फार वाईट.

मार्चअखेर त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मोठ्या बाईंचं भाषण. बाई म्हणाल्या, "माणूस म्हटला की एखादी चूक होतेच, पण भाऊसाहेबांची निष्ठा मोठी." चूक हा शब्द त्यांनी प्रेमानं उच्चारला. भाऊसाहेबांनी मान डोलावली.

जाताना त्यांनी माझ्या हातात एक जाड बॉक्स फाईल दिली. रजिस्टरची टाईप केलेली पानं होती, छापलेली. सेव्ह होत नाही म्हणून त्यांनी काम थांबवलं नव्हतं. पान टाईप करायचं, छापायचं आणि फाईल तशीच बंद करायची. मशीननं बदल ठेवायचे का विचारलं की 'नाही'. पुसली गेलेली पानंही त्यांनी पुन्हा टाईप केली होती, उरलेलीही. सगळं रजिस्टर पूर्ण होतं, फक्त मशीनमध्ये नव्हतं.

"प्रशासक उठला की चढवून घ्या सर," असं म्हणून हसले आणि गेले.

मी ती पानं टाईप करायला बसलो. पहिल्या दहा-बारा पानांतच मला ते सहन होईना. मे महिन्यात एका रविवारी सटाण्याची एसटी पकडली.

त्यांचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत. वहिनींनी पाणी दिलं, चहा टाकला. भाऊसाहेब लुंगी-बनियनवर होते, मला बघून गडबडीनं आत जाऊन सदरा घालून आले. मी चहा यायची वाट पाहिली नाही. पेनड्राइव्ह, 'सगळ्या बदला', पुसलेली डिस्क, फाईलवरची तारीख, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज नीट होता, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्यांनी सदऱ्याची राहिलेली गुंडी लावली. मग म्हणाले, "मला डॉक्टरनं घड्याळ काढायला लावलं सर."

मला कळेना.

"नाशिकला मोठ्या डॉक्टरकडं गेलो होतो. घरात सांगितलं नाय, शाळेत सांगितलं नाय. माझा थोरला भाऊ शेवटी पोरांची नावं विसरला होता. मला वाटलं, माझं सुरू झालं. डॉक्टर म्हणला, कागदावर घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. काढलं. म्हणला, बरोबर हाय. मी म्हणलो, डॉक्टरसाहेब, घड्याळ बरोबर काढणारा माणूस सहा महिन्यांचं काम पुसतो अन् त्याला आठवत नाय, हे कसं? तो म्हणला, लक्ष ठेवा."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"तवापासून लक्ष ठेवतोय. गॅस बंद केला का, तीनदा बघतो. बदाम खातोय." त्यांचा आवाज चढला. मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. "वर्षभर बदाम खाल्ले सर मी! तुम्ही समोर बसून बघत होता!"

मी हात जोडले. म्हणालो, "माफ करा."

"मला कशाला सांगता? मी तर तुमचं खरंच मानलं होतं. त्या दिवशी ऑफिसात जे जे उभे होते, त्यांना सांगा. ते हसले होते."

चहा त्यांनी मला प्यायला लावला. आग्रहानं बिस्किटंही दिली. त्यांच्या घरी पाहुणा उपाशी जात नाही. पण मी निघालो तेव्हा ते उठले नाहीत. वहिनीच फाटकापर्यंत आल्या. त्या नुसतं फाटक धरून उभ्या राहिल्या.

शाळा उघडल्यावर आधी मोठ्या बाईंना सांगितलं, केबिनमध्ये, दार लावून. त्यांनी आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "आता कशाला सर? ते तर गेले. तुमची अजून दहा वर्षं आहेत इथं." मी थांबलो. शिक्षकांच्या दोन सभा गेल्या. प्रत्येक सभेच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' येतात. तेव्हा मी पेनाचं टोपण काढायचो आणि परत लावायचो. तिसऱ्या सभेत उभा राहिलो आणि सांगितलं. ज्यांनी तेव्हा शोकसंदेशाची ओळ म्हटली होती, ते शिक्षक खिडकीबाहेर बघत होते. शेवटी कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या सर, होतं असं." बाईंनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं. ते "बरं" म्हणाले. नंतर मी केलेले दोन फोन त्यांनी उचलले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

त्यांच्या बॉक्स फाईलमधली सगळी पानं मी मशीनमध्ये चढवली. त्या फोल्डरची परवानगी आता सगळ्यांना आहे, आणि दर शनिवारी मी त्याची वेगळी प्रत काढतो. एवढं करून मला वाटलं, निदान शाळेपुरतं तरी त्यांचं नाव धुऊन निघालं.

यंदा ऑफिसात नवीन क्लार्क आली आहे. पंचवटीतून रोज स्कूटीवर येते, कामाला चटपटीत. परवा मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात आली, चेहरा पडलेला.

"सर, जरा येता का? दहावीच्या यादीवर भाऊसाहेब झाला बहुतेक."

"काय झाला?"

"भाऊसाहेब. म्हणजे जुन्या फाईलवर सेव्ह झालं सर. सगळे तसंच म्हणतात ना."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "भाऊसाहेब कोण, माहीत आहे तुला?"

तिला वाटलं, मी चिडलो. घाबरून म्हणाली, "कोण म्हणजे? सर, मला वाटलं, तो कॉम्प्युटरमधलाच शब्द आहे."